माझाच आवाज माझ्या कानात: एका वधू-वर केंद्रातल्या फोनचं प्रकरण

साताऱ्यातल्या एक ताई घरातूनच वधू-वर सूचक केंद्र चालवतात. सगळा धंदा फोनवर. समोर नोंदवही उघडी, एका हातात पेन, दुसऱ्या हाताने बायोडेटाच्या फायली चाळायच्या. फोन कानाशी धरायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून इअरफोन, आणि तो दिवसाचे कित्येक तास कानात.

मी टेलिफोन खात्यात ट्रान्समिशनला होतो. निवृत्तीनंतर ओळखीचे लोक फोनच्या कुठल्याही दुखण्यासाठी माझ्याकडे येतात, अगदी बॅटरी फुगली तरी. ताईंची तक्रार मात्र माझ्या जुन्या खात्यातलीच निघाली.

“काका, बोलायला लागलं की माझाच आवाज मला ऐकू येतो. डोकं उठतं अगदी.”

माझ्यापर्यंत यायच्या आधी बरेच उपाय होऊन गेले होते. तारेचा इअरफोन बदलून दुसरा आणला. तोही बाजूला टाकून कानात घट्ट बसणारे बिनतारी बड्स घेतले. दुकानदाराने फोन फॉरमॅट मारून दिला. नंबर एका कंपनीतून दुसरीत पोर्ट केला. शेवटी त्यांच्या मिस्टरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कुठल्याशा मेसेजवरून *#२१# लावून पाहिलं, स्क्रीनवर इंग्रजीत चार ओळी उमटल्या, आणि फोन टॅप होतोय हे घरात नक्की झालं. स्थळांच्या चौकशीत मोडलेली लग्नं, देणीघेणी, कुणाचं आजारपण असं नाजूक बोलणं होतच असतं. त्यामुळे संशयितांची यादीही तयार होती.

टॅपिंगचं भूत मी आधी उतरवलं. *#२१# हा कोड एवढंच सांगतो की आपल्या नंबरवर कॉल फॉरवर्डिंग, म्हणजे आलेला फोन दुसऱ्या नंबरकडे वळवण्याची सोय, लावलेलं आहे की नाही. फोन कोण ऐकतंय हे त्यातून कळत नाही. सरकारी परवानगीने जे टॅपिंग होतं ते कंपनीच्या यंत्रणेत होतं. आवाजाच्या डिजिटल प्रवाहाची एक प्रत तिथे बाजूला निघते. प्रत काढल्यामुळे बोलणाऱ्याच्या कानात काही परत येत नाही. आणि चोरून ऐकणारा स्वतःची वर्दी कशाला देईल?

मग मी त्यांना एकच प्रश्न विचारला: “आवाज लगेच येतो की मागून येतो?”

त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “दोन्ही.”

हे ‘दोन्ही’ महत्त्वाचं होतं. स्वतःचा आवाज इअरफोनमध्ये ऐकू येणं हा एक आजार नाही. बोलताक्षणी येणारा आवाज आणि बोलून झाल्यावर येणारा आवाज यांची कुळंच वेगळी. बोलताक्षणी येणारा आवाज आपल्या कानात, आपल्या इअरफोनमध्ये किंवा फार तर आपल्या फोनमध्ये तयार होतो. मागून येणारा मात्र लांबचा प्रवास करून येतो, आणि ज्याने तो प्रवास केला त्याचा उगम आपल्या हातातल्या वस्तूत नसतो. ताईंनी दोन्ही एकाच वाक्यात बांधल्यामुळे प्रत्येक दुकानदाराने त्यातलं अर्धंच ऐकलं आणि त्यावर काहीतरी विकलं.

फरक ओळखायला ‘हॅलो’ कामाचा नाही, कारण शब्द लांब असतो आणि त्याची शेपटी त्याच्याच प्रतिध्वनीत मिसळते. मी त्यांना जिभेने ‘टक्’ करायला सांगितलं. टाळूला जीभ लावून सोडायची, एकदाच, आणि गप्प बसायचं. काही क्षणांनी दुसरं ‘टक्’ आलं तर तो प्रतिध्वनी. नाही आलं, पण ‘म्म्म’ म्हटल्यावर डोक्यात मडक्यासारखं घुमलं, तर ते दुसरंच प्रकरण.

सुदैवाने ताईंचं काम नोंदवहीवर चालतं. कुणाला फोन केला, कधी केला, काय ठरलं, सगळं तारीखवार. मी म्हटलं, आठवडाभर प्रत्येक फोनच्या ओळीपुढे खूण करा: मागून आवाज आला तर ‘मा’, नाही आला तर काही नाही. वही परत पाहिली तेव्हा नेटवर्कचा संशय तिथेच गळून पडला. मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक, फोटोग्राफर, छपाईवाले, ताईंची बहीण यांच्यापुढे जवळजवळ खुणाच नव्हत्या. ‘मा’ होते ते मुलामुलींच्या आईवडिलांपुढे, आणि त्यातही बहुतेक संध्याकाळचे. एकच सिम, एकच खोली, एकच इअरफोन, तरी हा पंक्तिभेद.

कारण कळायला पुढचा एक फोन पुरला. मी शेजारी बसलो होतो. पलीकडे मुलीचे वडील. ताईंना मागून आवाज यायला लागला तसं मी कागदावर लिहून दिलं: ‘स्पीकरवर आहे का विचारा.’

“हो हो, स्पीकरवरच आहे,” पलीकडून उत्तर आलं. “हिलाही ऐकायचंय, आणि आजी पण बसल्यात.”

अर्थात! स्थळाची चौकशी कोण एकटं ऐकतं? संध्याकाळी सगळे घरी आले की फोन मध्ये ठेवायचा, स्पीकर पूर्ण मोठा करायचा आणि घरादाराने भोवती बसायचं. ताईंनी विनंती केल्यावर त्या गृहस्थांनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला, आणि चालू फोनमध्येच मागचा आवाज नाहीसा झाला. नंतरच्या फोनांवरही हीच चाचणी केली आणि हेच झालं. एका घरात तर आवाज मोठा व्हावा म्हणून फोन स्टीलच्या वाटीत उभा केलेला होता. त्या घराच्या ओळीपुढे ताईंनी ‘मा’ दोनदा लिहिला होता.

यातलं यंत्र साधं आहे. ताई बोलतात, त्यांचा आवाज पलीकडच्या फोनच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, टाइल्स आणि भिंतींवर आपटतो आणि त्याच फोनच्या माइकमध्ये शिरतो. माइकला ताईंचा आवाज कोणता आणि आजींचा कोणता हे कळत नाही. तो दोन्ही परत पाठवतो. ताईंना स्वतःचं बोलणं उशिरा ऐकू येतं. पलीकडच्या मंडळींना यातलं काहीच जाणवत नाही, त्यांचा फोन झकास चाललेला असतो. म्हणजे त्रास ज्याला होतो त्याच्याकडे दोष नसतो, आणि दोष ज्याच्याकडे असतो त्याला त्रास नसतो. आमच्या खात्यात नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हे सांगायचे, तरी लोक पुढेही तक्रार करणाऱ्याचंच घर तपासत बसायचे.

उशीर किती होतो? मोबाइलमध्ये आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत बांधला जातो, रेडिओवरून टॉवरकडे जातो, जाळ्यातून फिरतो, पलीकडे पुन्हा सोडवला जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते की एका बाजूचा प्रवास १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेक संभाषणांना त्याची अडचण होत नाही. पण प्रतिध्वनीला जाऊन यावं लागतं. इकडून १५० आणि तिकडून १५० धरले तरी ३०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तेवढ्यात पुढचा शब्द तोंडातून निघालेला असतो.

ताईंनी अगदी सहज एक गोष्ट सांगितली होती: अशा फोनवर त्यांची जीभ अडखळते, वाक्य मध्येच तुटतं, आणि वयाने हे होतंय की काय अशी त्यांना धास्ती वाटायची. धास्तीचं कारण नाही. १९५० साली अमेरिकेत बर्नार्ड ली या संशोधकाने दाखवून दिलं की बोलणाऱ्याला त्याचाच आवाज किंचित उशिराने ऐकवला तर चांगला बोलणारा माणूसही तोतरा बोलू लागतो, अक्षरं दोनदा उच्चारतो, मध्येच थांबतो. सर्वांत जास्त गोंधळ साधारण २०० मिलिसेकंदांच्या उशिराने होतो. जपानच्या काझुताका कुरिहारा आणि कोजी त्सुकादा यांनी याच तत्त्वावर समोरच्याचं बोलणं बंद पाडणारं एक यंत्र बनवलं आणि त्यासाठी त्यांना २०१२ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं बक्षीस, मिळालं. साताऱ्यातल्या ताईंवर तोच प्रयोग रोज संध्याकाळी पालक मंडळी नकळत करत होती.

आता कुणी विचारेल, सगळेच लोक स्पीकर लावतात, मग प्रत्येक वेळी प्रतिध्वनी का येत नाही? कारण प्रत्येक मोबाइलमध्ये तो पुसणारी सोय असते. फोनला ठाऊक असतं की स्पीकरमधून आपण काय वाजवतोय. माइकमध्ये ते किती आणि कसं परत येईल याचा तो अंदाज बांधतो आणि माइकच्या आवाजातून तेवढं वजा करतो. ही वजाबाकी छान चालते, पण तिच्या काही अटी आहेत. स्पीकर पूर्ण मोठा केला की तो फाटका वाजतो. फोनने पाठवलं ते आणि हवेत उमटलं ते यांचा मेळ राहत नाही आणि अंदाज चुकतो. फोन हातात घेऊन कुणी खोलीभर फिरलं की आवाजाची वाट बदलते आणि हिशोब पहिल्यापासून मांडावा लागतो. दोन्हीकडून एकदम बोलणं सुरू झालं की अंदाज सुधारण्याचं काम थांबवावंच लागतं, आणि लग्नाच्या बोलणीत दोन्हीकडून एकदम बोलणं हा नियमच. जाड कव्हरने माइकचं भोक अर्धवट झाकलं तर स्पीकरचा आवाज कव्हरच्या आतूनच माइककडे पोचतो. स्टीलच्या वाटीबद्दल वेगळं लिहायला नको.

तरीही ताईंची एक शंका रास्त होती: “पूर्वी नुसता फोन कानाला लावून बोलायचे तेव्हा असं होत नव्हतं. इअरफोन घेतल्यापासूनच सुरू झालं.” मी त्यांना एका स्पीकरवाल्या घराशी इअरफोन काढून, फोन कानाला धरून बोलायला लावलं. लक्ष देऊन ऐकल्यावर मागचा आवाज तिथेही होता, फक्त बारीक. फोन कानाला लावला की एक कान मोकळा राहतो, रस्त्यावरची गाडी, घरातला पंखा, कुकरची शिट्टी असं बाकीचं बरंच ऐकू येतं आणि त्यात तो बारीक प्रतिध्वनी बुडून जातो. दोन्ही कानांत बड्स घट्ट बसवले की बाहेरची गडबड कमी होते आणि एरवी झाकलेलं सगळं वर येतं. इअरफोनने प्रतिध्वनी तयार केला नव्हता, त्याने तो उघडा पाडला होता.

इथवर ‘मागून’चा निकाल लागला. राहिलं ‘लगेच’.

बिनतारी बड्स आल्यापासून ताईंना प्रत्येक फोनवर, अगदी बहिणीशी बोलतानाही, स्वतःचा आवाज जड आणि आतून आल्यासारखा वाटत होता. ‘टक्’ चाचणीत दुसरं टक् नव्हतं. मग मी त्यांना फोन बंद करून, बड्स कानात तसेच ठेवून ‘ई’ म्हणायला लावलं. घुमलं. फोन बंद असताना घुमतंय म्हणजे फोनचा काही संबंध नाही, हे त्यांच्या त्यांनाच पटलं. त्यांनी बड्स काढून दोन्ही बोटांनी कान बंद केले आणि पुन्हा ‘ई’ म्हटलं. तसंच घुमलं.

आपण बोलतो तेव्हा आवाज हवेतून कानात येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो. ती कंपनं कानाच्या नळीच्या भिंतींना हलवतात आणि नळीत आवाज तयार होतो. कान उघडा असेल तर त्यातला खर्जाचा भाग बाहेर निघून जातो. रबरी टोकाने नळीचं तोंड बंद केलं की तो आतच कोंडतो आणि पडद्यावर आदळतो. खालच्या सुरांत, साधारण ५०० हर्ट्झच्या खाली, हा फरक २० डेसिबलपर्यंतही जाऊ शकतो. श्रवणयंत्र लावणाऱ्यांची ही जुनी तक्रार. म्हणून त्या यंत्रांच्या साच्यात बारीक भोक ठेवतात. ‘ई’ आणि ‘ऊ’ला घुमणं जास्त, ‘आ’ला कमी, कारण ‘ई’ आणि ‘ऊ’ उच्चारताना तोंडाची पोकळी अशी असते की खर्जाचा जोर वाढतो.

इथे दुरुस्ती काहीच नव्हती. एकाच कानात बड लावा, किंवा बड्समध्ये बाहेरचा आवाज आत सोडणारी सोय असेल तर ती फोनवर बोलताना चालू ठेवा, किंवा नळीत न शिरता कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे इअरफोन घ्या. ताईंनी पहिला उपाय निवडला कारण त्याला पैसे लागत नाहीत. शिवाय दुसरा कान दारावरच्या बेलसाठी मोकळा राहिला.

इथे एक गैरसमज मात्र काढायला हवा, कारण ताईंचे मिस्टर आता उलट टोकाला गेले होते: स्वतःचा आवाज अजिबातच ऐकू येता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. तसं नाही. जुन्या काळ्या टेलिफोनमध्ये बोलणाऱ्याचा थोडासा आवाज त्याच्याच रिसिव्हरमध्ये मुद्दाम राहू देत. आम्ही त्याला साइडटोन म्हणायचो. लोक फोन चालू आहे का हे पाहायला माउथपीसमध्ये ‘फू फू’ करायचे आणि कानात फुंकर ऐकू आली की समाधान व्हायचं, ते समाधान म्हणजे साइडटोन. तो फार झाला तर माणूस आपोआप हळू बोलायला लागतो आणि पलीकडच्याला ऐकू येत नाही. फार कमी झाला तर लाइन मेली असं वाटून ओरडायला लागतो. मोबाइलमध्ये तो बारीक प्रमाणात मुद्दाम मिसळतात, आणि काही हेडसेटमध्ये कमीजास्त करायची सोय असते. बोलण्याबरोबर, काहीही उशीर न होता, हलका आणि स्वच्छ आवाज येत असेल तर त्याला हात लावू नये. बस किंवा रेल्वेत हेडफोन लावून मोठ्यांदा बोलणाऱ्यांकडे आपण रागाने बघतो, पण बाहेरचा कल्लोळ आणि झाकलेले कान यांत त्या बिचाऱ्यांना आपण ओरडतोय हेच कळत नसतं.

वही चाळताना तिसरी गोष्ट हाती लागली, जी ताईंनी तक्रार म्हणून सांगितलीच नव्हती. तारेच्या इअरफोनच्या दिवसांतल्या पानांवर काही घरांपुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘त्यांना त्यांचा आवाज येतो म्हणाले.’ आता दोष आपल्या बाजूला. ताईंच्या नव्या फोनला गोल जॅक नाही, म्हणून त्यांनी रस्त्यावरून स्वस्तातला कन्व्हर्टर घेतला होता. तारेच्या इअरफोनच्या पिनेवर चार पट्ट्या असतात: डावा कान, उजवा कान, माइक आणि सगळ्यांची मिळून एक सामाईक परतीची वायर. ही परतीची वायर बारीक असली किंवा तिचा सांधा कच्चा असला तर कानाकडे जाणाऱ्या विजेचा थोडा अंश माइकच्या वाटेत झिरपतो. हवेतून काही जावं लागत नाही; तांब्यातच गळती. पलीकडचा माणूस बोलतो, त्याचा आवाज ताईंच्या कानाकडे जाता जाता माइकमधून त्याच्याकडे परत जातो.

ओळखायची खूण सोपी. ताईंनी आपल्या फोनचा आवाज निम्म्यावर आणला की पलीकडच्याचा प्रतिध्वनीही उतरला पाहिजे. उतरला. मग इअरफोनच्या दोन्ही गोळ्या उशीखाली दाबून ठेवल्या, माइक बाहेर. तरी पलीकडे प्रतिध्वनी होताच, म्हणजे तो हवेतून जात नव्हता. कन्व्हर्टर बदलला आणि गेला. जुना इअरफोन ठणठणीत होता, ताईंनी उगाच दुसरा घेतला होता. तो आता त्यांच्या मुलाकडे आहे.

सध्या ताई फोन लागला की आधी विचारतात, “स्पीकरवर आहात का? मग आवाज थोडा कमी करा आणि फोन टेबलावर सरळ ठेवा.” आवाज दोन टप्पे उतरवला तरी बहुतेक घरांत पुसण्याची सोय आपलं काम करू लागते आणि आजींना ऐकूही येतं. ऐकत नसलेल्या घरांसाठी त्यांनी दुसरी युक्ती काढली: छोटी वाक्यं बोलायची आणि प्रतिध्वनी विरेपर्यंत थांबायचं. त्यांच्या मते यामुळे मुलाकडच्यांना ताई फार विचारी वाटतात.

एक नंबर उरला. जावळी तालुक्यातलं एक घर, अजून लँडलाइनवाले. तिथे स्पीकर नाही, मोबाइल नाही, तरी ताईंचा पहिला ‘हॅलो’ हमखास परत येतो आणि मग पुढचं सगळं बोलणं स्वच्छ. मला हा नंबर फार आवडला. लँडलाइनच्या दोन तारांवर बोलणं आणि ऐकणं एकत्र चालतं. मोठ्या जाळ्यात मात्र दोन्हींना वेगवेगळी वाट असते. जिथे दोन तारांचे चार होतात त्या सांध्यावर थोडा आवाज माघारी फिरतो. लांब उशिराच्या मार्गांवर हे फार जाचक झालं. नारायणगावजवळच्या आर्वीचं उपग्रह भूकेंद्र १९७१ मध्ये सुरू झालं, आणि उपग्रह ३६,००० किलोमीटरवर. तिथून जाणाऱ्या परदेशी कॉलचा आवाज परत यायला सुमारे अर्धा सेकंद. यावरचा खरा तोडगा अमेरिकेत बेल या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत मनमोहन सोंधी यांनी सहकाऱ्यांसोबत शोधला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेला हा माणूस. प्रतिध्वनीचा अंदाज बांधून तो वजा करणाऱ्या आणि स्वतःच शिकत जाणाऱ्या यंत्राबद्दलचा त्यांचा लेख १९६७ साली प्रसिद्ध झाला. मोबाइलमधली वर सांगितलेली वजाबाकी त्याच कल्पनेवर उभी आहे.

जावळीच्या त्या लँडलाइनच्या वाटेवर, जाळ्यात, असंच यंत्र बसलेलं असतं. शिकणारं यंत्र म्हटलं की शिकायला काहीतरी ऐकावं लागतं. फोन लागतो तेव्हा त्याला त्या तारांची काहीच ओळख नसते. ताईंच्या पहिल्या ‘हॅलो’वर ते अंदाज बांधतं, तोवर तो हॅलो परत गेलेला असतो. दुसऱ्या वाक्यापर्यंत हिशोब जुळतो. त्या घराचा फोन संपला की शिकलेलं पुसलं जातं आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिला हॅलो. तिथे काही करू नका असं मी ताईंना सांगितलं. त्या आता त्या घराला दोनदा हॅलो म्हणतात.